गर्ल्स जनरेशनचे मागे पडलेले गाणे आणि आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते

मागच्या हिवाळ्यात अभ्यासवर्गाच्या चहाच्या सुट्टीत आम्ही मोबाईलवर एक गाणे लावले. कोरियन भाषेतले, नऊ मुलींनी गायलेले. दोन-तीन पोरे लगेच मान डोलवू लागली. तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्या बोटाला धरून आम्ही चळवळीत आलो, कपबशी खाली ठेवत म्हणाले, "अहो, हे काय लावलंय? पोरांना झोपवायला कंपन्यांनी काढलेली गाणी ही. उद्या वर्गात नाच ठेवाल!" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि गाणे बंद केले. चहा संपत आला होता आणि उत्तर लांबलचक होते. ते आज देतो.

गाण्याचे नाव 'दाशी मान्नान सेग्ये'. गर्ल्स जनरेशन या गटाचे हे पहिले गाणे, ऑगस्ट २००७ मधले. इंग्रजीत त्याला 'इन्टू द न्यू वर्ल्ड' असे नाव दिले आहे, म्हणजे नव्या जगात प्रवेश. पण मूळ कोरियन शब्दांचा अर्थ वेगळा आहे: पुन्हा भेटलेले जग. आम्हाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. नवे जग कुणीतरी तयार करून देतो आणि आपण त्यात शिरतो. पुन्हा भेटलेले जग मात्र आपलेच असते, मधल्या काळात आपल्यापासून तुटलेले. कोरियातले लोक लाडाने या गाण्याला नुसते 'दामानसे' म्हणतात.

हा गट आम्हाला वसतिगृहात भेटला. शेजारच्या खोलीत मिझोरामचा एक विद्यार्थी होता. त्याने पेनड्राइव्हवर या मुलींची सगळी गाणी सालाप्रमाणे लावून दिली होती. पहिले गाणे हेच. आणि आम्ही दर वेळी ते ओलांडून थेट २००९ च्या 'जी'वर जायचो. 'जी' लागले की अख्खी खोली उठायची. कोरियातही तसेच झाले होते. या मुली २००७ च्या ऑगस्टमध्ये आल्या आणि सप्टेंबरात वंडर गर्ल्स या दुसऱ्या गटाचे 'टेल मी' आले. मग देशभर त्याचाच नाच. 'जी'ने मात्र केबीएसच्या 'म्युझिक बँक' या कार्यक्रमात सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. गर्ल्स जनरेशन म्हणजे 'जी', हे समीकरण तिथून पक्के झाले. पहिले गाणे शाळेच्या पहिल्या वर्गातल्या फोटोसारखे राहिले, आहे म्हणून आहे. आमच्याकडची आजची पोरे तर ब्लॅकपिंकपासूनच सुरुवात करतात. त्यांनी हे गाणे ऐकलेलेही नसते.

ते आम्ही नीट ऐकले ते फार उशिरा, आणि तेही पोलिसांमुळे.

सोलमध्ये ईह्वा महिला विद्यापीठ आहे, १८८६ साली एका अमेरिकन मिशनरी बाईंनी मुलींसाठी सुरू केलेल्या शाळेतून वाढलेले. २०१६ च्या जुलैत तिथल्या प्रशासनाने विद्यार्थिनींना न विचारता एक नवे महाविद्यालय काढायचे ठरवले. २८ जुलैला मुलींनी मुख्य इमारतीत ठिय्या दिला. ३० जुलैला प्रशासनाच्या विनंतीवरून सुमारे १,६०० पोलीस आवारात शिरले. आत बसलेल्या मुली बहुतेक विशीच्या आसपासच्या. हातात हात अडकवून एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. समोर पोलिसांची रांग. आणि त्या गाऊ लागल्या. कोरियात आंदोलनाच्या गाण्यांची मोठी परंपरा आहे. ग्वांगजूच्या १९८० च्या उठावात मारल्या गेलेल्यांच्या आठवणीतून जन्मलेले 'इमुल विहान हेंगजिन्गोक' तिथल्या प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याला पाठ असते. पण या मुलींनी बाहेरच्या राजकीय संघटनांना आपल्या आंदोलनापासून लांब ठेवले होते, आणि जुन्या चळवळीची गाणी त्यांच्या पिढीच्या तोंडात बसलेली नव्हती. सगळ्यांना शब्दासकट येईल असे एकच सापडले: आपण शाळेत असताना टीव्हीवर पाहिलेले ते नऊ मुलींचे गाणे.

ती चित्रफीत आम्ही पाहिली तेव्हा आधी ओळखलेच नाही की हे पेनड्राइव्हवरचे पहिले गाणे आहे. वाद्ये नाहीत, सूर थरथरतो आहे, मधेच कुणी रडते आहे. मग धृपद आले आणि आम्हाला लाज वाटली. इतकी वर्षे आपण हेच पुढे ढकलत होतो?

आता गाण्याबद्दल. संगीत केंझी या बाईंचे आहे. त्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकून आलेल्या आणि या कंपनीसाठी शेकड्याने गाणी केलेल्या. चाल वेगवान, ठेका नाचाचा, नाचात तर मुली चक्क लाथा उडवतात. पण नुसती चाल गुणगुणा, ठेका काढून टाका, की ती प्रार्थनेच्या जवळ जाते. धृपद सगळ्या मिळून गातात, म्हणून गळा तयार नसलेल्यालाही ते झेपते. मधे एक कडवे येते तिथे सगळे शांत होते, रात्रीच्या एकटेपणाबद्दल काहीतरी हळूच सांगितले जाते, आणि मग तेयॉनचा आवाज वर चढतो. ही जागा ज्याने ऐकली त्याला 'झोपवणारे गाणे' म्हणवणार नाही.

आणि शब्द. याच मुलींची पुढची गाणी घ्या. 'जी'त पहिल्या प्रेमाची धडधड आहे, २०१० च्या 'ओह!'मध्ये 'ओप्पा'ची, म्हणजे वयाने मोठ्या मुलाची, लाडिक आळवणी आहे. पहिल्या गाण्यात असला ओप्पा कुठेच नाही. प्रेमाचा शब्द आहे, पण ज्याच्यावर प्रेम आहे तो मुलगा की मुलगी, प्रियकर की मैत्रीण, हे कोरियन भाषा सांगत नाही आणि कवीही सांगत नाही. वाट अवघड आहे हे कबूल करून सोबत राहण्याचे वचन आहे, एवढेच. म्हणून ते कुणालाही घेता येते. सोलच्या समलिंगी आणि तृतीयपंथीयांच्या मोर्चात ते गायले जाते, २०२० मध्ये थायलंडच्या लोकशाहीवादी पोरांनी ते रस्त्यावर लावले. गातेवेळी या मुली सोळा ते अठरा वर्षांच्या होत्या. सर्वांत धाकटी सोह्यॉन सोळाची. आपण काय गातो आहोत हे त्यांना तेव्हा किती कळले असेल कोण जाणे.

इथे एक गाठ आहे आणि ती लपवून चालणार नाही. ईह्वाच्या मुली ज्या महाविद्यालयाला विरोध करत होत्या ते कुणासाठी होते? व्यावसायिक शाळेतून निघून नोकरीला लागलेल्यांसाठी. सरकारच्या पैशातून त्यांना पदवीची दारे उघडायची होती. मुलींचे म्हणणे असे की विद्यापीठ पदव्या विकायला निघाले आहे आणि निर्णय लादला जातो आहे. लादला जात होता हे खरेच. पण 'आमच्या पदवीची किंमत कमी होईल' हा सूर कानावर आला की आपले कान उभे राहतात. गुणवत्तेच्या नावाने दार लावणे आपण पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. ईह्वाची योजना सिद्धार्थसारखी होती असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या मुलींच्या धाडसाला सलाम करताना त्यांच्या मागणीपुढेही मान तुकवावी, असे आम्हाला वाटत नाही. ३ ऑगस्टला योजना मागे घेतली गेली. मुली तरी उठल्या नाहीत, त्यांना कुलगुरूंचा राजीनामा हवा होता. पुढे राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांच्या मैत्रिणीच्या मुलीला याच विद्यापीठात वशिल्याने प्रवेश दिल्याचे प्रकरण फुटले, १९ ऑक्टोबरला कुलगुरू गेल्या, आणि १० मार्च २०१७ ला घटना न्यायालयाने खुद्द राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढले. त्या हिवाळ्यात लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर होते. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला, वारा आला की मेणबत्ती विझते. लोकांनी दुसऱ्या आठवड्यात बॅटरीच्या मेणबत्त्या आणल्या, आणि पोरींनी लाइटस्टिक. लाइटस्टिक म्हणजे आवडत्या गटाच्या कार्यक्रमात हलवायचा दिव्याचा दांडा. प्रत्येक गटाचा वेगळा.

मग आली ३ डिसेंबर २०२४ ची रात्र. राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेत शिरले. तरीही पहाटेच्या आत १९० खासदार सभागृहात जमले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो कायदा उलटवला. त्यानंतरच्या शनिवारी महाभियोग गणसंख्येअभावी पडला. लोक घरी गेले नाहीत. योइदो बेटावर संसदेसमोर रोज गर्दी, कडाक्याची थंडी, आणि त्या गर्दीत रंगीबेरंगी लाइटस्टिकचा समुद्र. सगळ्यात पुढे विशी-तिशीतल्या बाया. एस्पासारख्या नव्या गटांची गाणी वाजत होती, पण पुन्हा पुन्हा परत येत होते ते सतरा वर्षांपूर्वीचे आमचे मागे पडलेले गाणे. म्हातारी माणसे ते शिकत होती आणि पोरी ग्वांगजूचे गाणे शिकत होत्या. १४ डिसेंबरला २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला, बाहेर हेच गाणे लागले, आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडून ते गाऊ लागले. ज्यांना गर्दीत जाता येत नव्हते त्यांनी जवळच्या हॉटेलांत आंदोलकांसाठी चहा-कॉफीचे, जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवले होते. या नऊजणींपैकी युरीनेही मोर्चाला जाणाऱ्या चाहत्यांसाठी किंबापचे, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचे, पैसे भरले.

त्याच आठवड्यानंतरची एक गोष्ट ज्येष्ठांना मुद्दाम सांगायची आहे. २१ डिसेंबरला ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी सोलच्या वेशीवर, नामतेर्योंगच्या खिंडीत अडवले. शेतकऱ्यांनी आपल्या तुकडीला नाव दिले होते जॉन बोंग-जुन यांचे, १८९४ च्या दोंगहाक शेतकरी उठावाच्या नेत्याचे. बातमी फोनवर पसरली आणि लाइटस्टिकवाल्या पोरी त्या खिंडीत धावल्या. रात्रभर थंडीत शेतकऱ्यांसोबत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी वाट सोडली आणि काही ट्रॅक्टर शहरात गेले. या झोपवलेल्या पोरी?

कंपनीबद्दलचा आक्षेप मात्र आम्ही फेटाळत नाही. ज्या एस. एम. एंटरटेनमेंटने हा गट बनवला, तिच्याच मुलांच्या एका गटातल्या तिघांनी २००९ मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. त्याच वर्षी तिथल्या सरकारी आयोगाने कराराची मुदत सात वर्षांत बसवणारा नमुना काढला. लहान मुलींना वर्षानुवर्षे तालमीत पिळणे, त्यांच्या वजनावर नजर ठेवणे, हे सगळे त्या धंद्यात आहे. लाइटस्टिकसुद्धा कंपनीच विकते, आणि स्वस्तात विकत नाही. हे सगळे खरे मानूनही आमचा प्रश्न उरतो. आपल्या वस्त्यांमध्ये किती भीमगीते सिनेमाच्या चालीवर उभी राहिली? ती चाल कुणाची होती? निर्मात्याची, रेकॉर्ड कंपनीची. आपल्या शाहिरांनी ती उचलली, त्यात आपले शब्द भरले, आणि रात्र-रात्र जलसे केले. तेव्हा कुणी म्हटले नाही की चाल बाजारातली आहे, सबब गाऊ नका. म्हटले असेल तर लोकांनी ऐकले नाही. कोरियन पोरींनी याच्या उलटे केले. शब्द तेच ठेवले, चालही तीच, फक्त जागा बदलली: टीव्हीच्या मंचावरून पोलिसांच्या समोर. आपली पद्धत अवघड होती की त्यांची, यावर वाद घालू. पण दोन्हीकडे गाणे मालकाच्या हातातून सुटले.

हे सगळे आम्ही आमच्या भाचीला सांगत होतो. ती दहावीत आहे, तिच्या वहीवर नव्या गटांची चित्रे चिकटवलेली असतात. ती म्हणाली, "मामा, हे तर तुमच्या काळातलं गाणं. आमच्या वर्गात कुणालाच माहीत नाही." मग तिने ते लावले. दोनदा ऐकले. शब्दांची यादी काढली, देवनागरीत लिहून घेतली आणि आमचे उच्चार सुधारायला बसली. 'दासी' नाही, 'दाशी'. दासी म्हणजे वेगळंच होईल, मामा.

पुढच्या अभ्यासवर्गाला आम्ही तिला घेऊन गेलो. चहाच्या सुट्टीत ज्येष्ठ स्वतःच म्हणाले, "काय ग पोरी, मामाचं ते कोरियन गाणं तुला येतं म्हणे." तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही मोबाईल काढला, तर ती म्हणाली, नको, तसंच म्हणते. वाद्यांशिवाय, जरा घाबरत, तिने धृपदापर्यंत म्हटले. ज्येष्ठ कपबशी हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "आणि पोलीस आले तेव्हा हे कितवं कडवं चाललं होतं?"