शक्तिमानचा मरून

शक्तिमानच्या अंगावरचा मरून नेमका कुठला, यावर आमच्या आळीत कधी एकमत झालं नाही. मालिका 1997 च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर सुरू झाली, ती 2005 पर्यंत चालली. त्यातली पहिली काही वर्षं तरी पनवेलच्या घराघरांतले टीव्ही एका जातीचे नव्हते. कुणाकडे नवाकोरा रंगीत, कुणाकडे रंग विटलेला, कुणाकडे अजून ब्लॅक अँड व्हाइट. एका घरात तो पोशाख वांगी रंगाकडे झुकायचा, शेजारच्या घरात विटकरी दिसायचा, आणि वाऱ्याने अँटेना हलला की लाल रंग कडेबाहेर पसरायचा. गडद लाल रंग कडांना नीट धरून न ठेवणं हा त्या वेळच्या प्रसारणाचा तांत्रिक दोष होता. आम्हाला तो शक्तिमानच्या तेजाचाच भाग वाटे.

तोवर शाळेच्या गॅदरिंगमधल्या वेशभूषा स्पर्धेत शिवाजी महाराज, झाशीची राणी, कोळीण आणि वासुदेव यांची सद्दी होती. हे सगळे ड्रेपरीवाल्याकडे भाड्याने मिळायचे. शक्तिमान मात्र त्याच्याकडे नव्हता. कापड शोधायचं, शिंप्याला समजावायचं आणि चित्र डोक्यात ठेवायचं, अशी तिहेरी कामगिरी घरच्यांवर आली. व्हिडिओ थांबवून बघायची सोय फार थोड्यांकडे होती. रविवारी दुपारी जेवढं डोळ्यात साठवता येईल तेवढंच हाताशी. छातीवर सोनेरी चक्र, गळ्यापासून खाली उतरणारे सोनेरी पट्टे, मनगटावर आणि कमरेला सोनं, आणि केप नाही. केप नाही ही गोष्ट महत्त्वाची होती, कारण त्यामुळे शिवणीतलं काहीच झाकलं जात नसे.

पनवेलचा कापडबाजार तेव्हा बस्त्याचा होता. उरण, पेण, खालापूर, कर्जत या बाजूंची आगरी-कोळी, कराडी, कुणबी मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला इथे यायची. दुकानात पांढरी गादी, भिंतीला भिडलेल्या फळ्या, आणि गादीवर धाडकन उलगडलं जाणारं थान. पंधरा-वीस माणसांचं कुटुंब ऐसपैस बसलेलं, चहा आलेला, आणि त्या गर्दीत कडेला आई मला घेऊन उभी. शेठला सांगायची, "शक्तिमानचं पाहिजे." शेठने कधी हसण्यावारी नेलं नाही. तो फळीवरून एकापाठोपाठ एक थान काढायचा. मरून, डाळिंबी, आमसुली. मग आई ते वाक्य म्हणायची जे त्या बाजारात दिवसाला शंभरदा ऐकू यायचं: "जरा उजेडात दाखवा."

त्या उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी विद्या तिथेच होती. दुकानात ट्यूबलाइट. तिच्या निळसर उजेडात लाल मरतो, मरून तपकिरी दिसतो. शेठ थान काखेत मारून ओट्यावर यायचा, हातभर कापड सोडायचा, उन्हात धरायचा, मग सावलीत, मग मुठीत चुरगळून सोडून द्यायचा. कापड किती लवकर सरळ होतं ते बघायचा. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचा. शेवटी माझ्या खांद्यावर टाकून दोन पावलं मागे सरायचा. ट्यूबखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात एकमेकांपासून फटकून वागतात, ही गोष्ट आज रंगशास्त्राची पुस्तकं समजावून सांगतात. आम्ही ती दुकानाच्या पायरीवर बघितली.

मिळायचं काय? पॉपलिन, टेरिकॉट, सॅटिन, मखमल. यातलं एकही ताणलं जात नाही. अंगाला चिकटून बसेल असं ताणणारं कापड म्हणजे बनियनची होजिअरी, आणि ती मरून रंगात मीटरवर मिळत नसे. सॅटिन घेतलं तर स्टेजवरच्या दिव्यात पोटावर पांढरा झोत उमटायचा. मखमल भारी दिसायची, पण पोशाख राजाचा वाटायचा. बहुतेक घरांनी टेरिकॉट पत्करलं.

आता कामगिरी शिंपीकाकांची. ताण नसलेल्या कापडातून अंगासरशी पोशाख काढायचा म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं. ते कापड सरळ न बेतता उरेब बेतायचे. उभा-आडवा धागा तिरका पडला की न ताणणारं कापडही थोडं देतं, कोपरात आणि गुडघ्यात वाकतं. बगलेत कळी, मांडीच्या सांध्यात कळी. पाठीला चेन, तीही सोनेरी पट्ट्याखाली लपवलेली. उरेब बेतायला कापड जास्त लागतं, आणि 36 इंच पन्ह्यात तर फारच. आई त्यावर कुरकुर करायची, आणि काका म्हणायचे, "वहिनी, पोराने हात वर केला की फाटायला नको ना." हात वर करून गोल फिरणं हेच तर शक्तिमानचं मुख्य काम. माझ्या मते ही कारागिरी अव्वल होती. आज लायक्रा सगळ्या चुका पोटात घालतं. तेव्हा प्रत्येक इंचाचा हिशोब कात्रीला द्यावा लागायचा.

पडद्यावरचा रंग हा कापडाचा रंग नव्हेच, हे मला फार पुढे समजलं, आणि समजल्यावर आमच्या आळीतलं भांडण एकदम मोठं वाटू लागलं. 1950 च्या दशकातल्या अमेरिकी टीव्हीवरच्या सुपरमॅनचे पहिले भाग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रित झाले, तेव्हा जॉर्ज रीव्ह्ज यांचा पोशाख निळा-लाल नव्हताच. तो तपकिरी आणि करडा होता, कारण कॅमेऱ्यात त्याच छटा नीट वेगळ्या पडत. 1978 च्या ‘सुपरमॅन’मध्ये क्रिस्टोफर रीव्ह यांच्या उडण्याच्या काही दृश्यांसाठी हिरवट निळा पोशाख वापरला गेला, नाहीतर निळ्या पडद्यापुढे अंगच नाहीसं झालं असतं. मग हुबेहूब म्हणजे काय? अंगावर होतं ते, की डोळ्याला दिसलं ते? आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेल्या वेताळाचीही तीच गत. त्याचे जनक ली फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. रंगीत पुरवणीत तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच झाला. इटलीत तोच लाल.

मी स्वतः दिसण्याच्या बाजूने आहे. प्रेक्षकाने ज्याच्यावर जीव लावला तो रंग खरा.

या कामाची थोरवी कुणाला पटत नसेल तर कोल्हापूरच्या भानू अथैया आठवाव्यात. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 साली त्यांना ऑस्कर मिळालं, भारतीय व्यक्तीला मिळालेलं पहिलं. ते जॉन मोलो यांच्यासह विभागून होतं. हेच मोलो त्याआधी 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी ऑस्कर घेऊन बसले होते. पडद्यावरच्या पोशाखाची तंतोतंत नक्कल करणाऱ्यांचा गोतावळा आज जगभर आहे, आणि त्यात स्टार वॉर्सवाल्यांची पंगत फार मोठी. खादीचं धोतर असो की अंतराळातल्या शिपायाचा झगा, कापड नीट पडलं नाही तर माणूस खोटा दिसतो. एकाच पुरस्काराच्या दोन धन्यांनी ही दोन्ही टोकं सांभाळली, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद वाटतो.

आता माझी भाची नवीन पनवेलमध्ये इंजिनिअरिंगला आहे, आणि तिला शक्तिमान करायचाय. मुंबईत 2012 पासून कॉमिक कॉन भरू लागला, तिथे तिच्या वयाची मुलं-मुली महिनोन् महिने खपून केलेले पोशाख घालून जातात. स्पायडरमॅन, बॅटमॅन भरपूर. शक्तिमान त्या मानाने कमी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्या प्रेमात पडली. ती दृश्य थांबवते, मोठं करते, पट्ट्याची रुंदी मनगटाच्या तुलनेत मोजते. आम्ही जे डोळ्यात साठवत होतो ते ती वहीत उतरवते. या पिढीला धीर नाही असं म्हणणाऱ्यांनी तिची ती वही बघावी.

तिच्या हाताशी जे कापड आहे त्याचं आम्हाला स्वप्नही पडलं नसतं. लायक्राचा धागा 1958 सालचा, ड्युपाँटच्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला, पण पनवेलच्या दुकानात फोर-वे लायक्रा मीटरवर मिळायला लागलं ते कितीतरी वर्षांनी. उभंही ताणतं, आडवंही ताणतं, पन्हा 58-60 इंच. घरच्या मशीनवर झिगझॅग टाके, बॉलपॉइंट सुई, आणि कळीची गरज संपली. साधा सरळ टाका मात्र घालू नये. कापड ताणलं की दोरा तटकन तुटतो.

त्याहून मोठा बदल आणला तो क्रिकेटने. रायगडात टेनिस बॉलचं क्रिकेट म्हणजे गावागावाची इभ्रत. प्रत्येक संघाला दरवर्षी नवी जर्सी हवी, नावासकट, नंबरासकट, मागे प्रायोजकाच्या फोटोसकट. या जर्सींसाठी सब्लिमेशन छपाई इथे गल्लीबोळांत पोचली. कागदावर छापलेली नक्षी 200 अंशांच्या आसपासच्या उष्णतेत दाबली की शाई वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. धुतलं तरी जात नाही, हाताला लागत नाही. हेच तंत्र जगभरचे लोक स्पायडरमॅनची जाळी छापायला वापरतात. म्हणजे गावकीच्या सामन्यांसाठी बसवलेल्या यंत्रावर आज पनवेलमध्ये सुपरहिरो छापून मिळू शकतो, आणि दहीहंडी, गणपती, सामने यांच्या हंगामाबाहेर गेलात तर छपाईवाला नीट वेळही देतो.

भाचीने आधी तोच मार्ग धरला. संपूर्ण पोशाख, पट्ट्यांसकट, संगणकावर आखून छापायचा. नमुन्याचा तुकडा छापून आणला. टेबलावर फारच सुंदर. मी तिला तो गुडघ्यावर ताणून बघायला सांगितलं. ताणल्याबरोबर मरूनमधून पांढरट झाक वर आली, कारण सब्लिमेशन पांढऱ्या कापडावर होतं, शाई वरच्या अंगाला बसते आणि ताण पडला की आतला पांढरा धागा डोकावतो. जाळीच्या नक्षीत हे खपून जातं, सपाट मरूनमध्ये खपत नाही. सपाट रंगाला धाग्यापासून रंगवलेलं कापडच हवं, छापलेलं नको.

मग मोबाइलवरून मागवायचा पर्याय. सुरतेहून घरपोच, शेकडो मरून. पण दुकानदाराच्या मोबाइलने टिपलेला रंग, तिच्या मोबाइलने दाखवलेला रंग आणि पाकिटातून निघालेला रंग हे तीन वेगळे निघाले. 1998 साली आमच्या आळीत टीव्हीवरून जो गोंधळ होता तोच आता प्रत्येकाच्या खिशात आहे. वजनाचा आकडा मात्र हल्ली कळतो, ही मोठी सोय. एका चौरस मीटरला किती ग्रॅम, हे विचारता येतं आणि उत्तरही मिळतं. आमच्या शेठकडे त्यासाठी अंगठा आणि तर्जनी होती.

शेवटी आम्ही दोघं लोकलने निघालो. पनवेलला हार्बर लोकल आली 1998 मध्ये, शक्तिमानच्या ऐन भरात. त्याआधी मुंबईचं कापड बघायचं म्हणजे एसटीने दिवस घालवणं होतं. आता मस्जिद बंदरला थेट उतरावं आणि मंगलदास मार्केट चालत गाठावं. तिथल्या बोळांत लायक्राची रिळं उभी असतात. भाचीने एका दुकानात तुकडा हातात घेतला, चुरगळला, सोडला, आणि दुकानदाराला म्हणाली, "काका, जरा बाहेर बघू?" तिला हे मी शिकवलं नव्हतं. वहीत तिने लिहून ठेवलं होतं की मालिकेतली बरीच मारामारी उघड्यावर, उन्हात आहे, तेव्हा कापडही उन्हातच बघायचं. काका थान घेऊन बोळाच्या तोंडाशी आले.

आमचं ठरलं ते असं. कापड बिनचमकीचं, रंगवलेलं, फोर-वे, 220 ग्रॅमच्या आसपास. त्याहून पातळ घेतलं तर घामाचे डाग दिसतात, जाड घेतलं तर काखेत चुण्या पडतात. रंग आमसुलीच्या एक पायरी अलीकडचा. सोनेरी पट्ट्यांना टिकल्यांचं कापड नको, फॉइल मारलेलं लायक्राही नको, ते वाकलं की भेगाळतं. पातळ सोनेरी रेक्झिन, आणि चक्राला आतून फोम. शिंपीकाका आता शिवत नाहीत, पण उरेब पट्टीने गळा कसा बसवायचा ते त्यांनी खुर्चीत बसून तिला दाखवलं. लायक्राला उरेबची गरज नसते. गळ्याच्या सोनेरी रेक्झिनला असते.

पनवेलमधली बस्त्याची जुनी दुकानं आता पुष्कळशी तयार कपड्यांकडे वळली आहेत, मीटरवर कापड विकणारी दरवर्षी कमी दिसतात. ज्यांना असा काही पोशाख करायचा असेल त्यांनी मोबाइलवर मागवण्याआधी एकदा त्या दुकानांत जावं, सकाळच्या उन्हात, हातात चित्र घेऊन. आणि कुणाच्या माळ्यावर त्या वर्षांत शिवलेला शक्तिमान अजून पडून असेल तर तो बोहारणीला देऊ नका. आतून उलटा करून त्याच्या शिवणीचे फोटो काढा, आणि शिवणारे शिंपी हयात असतील तर तो घेऊन त्यांच्याकडे जा. कळी कुठे घातली आणि का, हे फक्त तेच सांगू शकतील.