कासव किती वाजता येतं?

प्रिय तू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, प्रश्नपत्रिकाच ती! मार्चमध्ये तुम्ही तिकडच्या मराठी मंडळातली सहा कुटुंबं मिळून भारतात येणार, त्यातले काही दिवस कोकणात घालवणार, आणि त्यासाठी तुला ‘गावाला त्रास न देणारी’ ट्रॅव्हल कंपनी हवी. वाचून मी एकटीच हसले बघ. कॉलेजच्या सहलीत हर्णैच्या किनाऱ्यावर मध्यरात्री टेपरेकॉर्डर लावून कोळीवाडा जागा करणारी तू, आणि आता गावाची शांतता जपायला निघालीस! पण मला बरं वाटलं. म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळलीस तरी वाच.

गेल्या मार्चमध्ये मी कासवाची पिल्लं बघायला वेळासला जाऊन आले. आपल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास गं, बाणकोटच्या जवळचं. पुण्याची एक छोटी कंपनी आहे, तिच्याबरोबर गेले. पैसे भरल्यावर तिथल्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, चहा-कॉफीची आवड विचारील. ती विचारते, “काकू, जमिनीवर बसून जेवता येतं ना? संडास-बाथरूम अंगणापलीकडे असेल, चालेल? आणि पिल्लं निघाली नाहीत तर पैसे परत मागणार नाही ना?” तुला सांगते, मला जरा रागच आला. आपण गिऱ्हाईक की परीक्षार्थी? पण गाडीत बसल्यावर कळलं की ही विचारपूस करूनही एक काका कसे कोण जाणे निसटून आत आले होते. बँकेतून निवृत्त. ताम्हिणी उतरेपर्यंत त्यांनी “कासव किती वाजता येतं?” हे इतक्या वेळा विचारलं, की शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, “साहेब, ते एसटीनं येत नाही.”

हरिहरेश्वराच्या बाजूनं गेलं की बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. ही सावित्री म्हणजे महाबळेश्वरला आपण जिच्या उगमाशी फोटो काढले तीच. आर्थर सीट पॉइंटवर तू माकडाला स्ट्रॉबेरी दिलीस आणि पर्स गमावलीस, आठवतं? त्या पॉइंटचं नाव आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलंय. त्याची बायको आणि लहान मुलगी याच खाडीच्या तोंडाशी बुडाल्या, आणि तो तिकडे डोंगरावर बसून सावित्रीच्या दरीकडे बघत राहायचा, असं सांगतात. आपण तिथे इतक्या वेळा गेलो, पण एकाही गाइडनं आपल्याला हे सांगितलं नव्हतं. आपल्याला सांगितला तो फक्त इको पॉइंट. बोटीत हे सांगत होता तो वेसवीचाच मुलगा. कंपनीनं पुण्याहून गाइड आणलाच नव्हता.

गावात नाना फडणवीसांचं स्मारक आहे, कारण वेळास हे त्यांचं मूळ गाव. तिथे माहिती सांगायला निवृत्त गुरुजी आले. कंपनी त्यांना मानधन देते. गुरुजी सुरू झाले ते बारभाईंपासून, आणि पाऊण तास झाला तरी सवाई माधवरावांचं लग्न लागेना. मी मध्येच, अगदी निष्पापपणे हं, विचारलं, “आणि ते ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातले नाना?” बापरे! गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “ताई, त्या नाटकाचं नाव या आवारात काढू नये.” त्याच नाटकाच्या प्रयोगात तू ब्राह्मणांच्या रांगेत मागे उभी राहून चुकीच्या पायावर डोलायचीस ते डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना. गुरुजींची माहिती एकतर्फी होती का? होती. पण ती त्यांच्या गावाची बाजू होती आणि ती सांगायचे पैसे त्यांना मिळत होते. पाठ केलेलं तेच ते पोपटासारखं बोलणाऱ्या बाहेरच्या गाइडपेक्षा मला ते शंभर पटीनं आवडलं.

राहायला हॉटेल नाहीच. गावातल्या घरांतूनच आमची वाटणी झाली. माझ्या वाट्याला आलं ते पडवी, माजघर, मागे पोफळीची वाडी असलेलं कौलारू घर. रात्री कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, दुसऱ्या दिवशी कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी, आणि वर उकडीचे मोदक. मी किती खाल्ले ते लिहीत नाही, तू तिकडून ओरडशील. घरच्या वहिनींना मी विचारलंच, पैसे कसे मिळतात? म्हणाल्या, माणशी दर गावानं मिळून ठरवलाय, सगळ्या घरांना सारखा. पाहुणे घरांना आळीपाळीनं मिळतात, म्हणजे रस्त्याकाठच्या घरानं सगळी गिऱ्हाइकं ओढून घेतली असं होत नाही. आणि कंपनी हे पैसे स्वतःकडे ठेवून महिन्यानं देत नाही, निघायच्या दिवशी थेट घरात देते. “कुणाच्या हातात?” मी. त्या हसल्या. “आधी ह्यांच्या हातात द्यायचे. आता मोदक मी करते तर पैसेही मीच घेते.” वहिनींचा फोटो काढून तुला पाठवावासा वाटला, पण त्यांनी नको म्हटलं.

आता कासवांचं. हे गाव पहिल्यापासून कासवांच्या प्रेमात वगैरे होतं असं समजू नकोस. मादी रात्री येऊन वाळूत शंभरच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जाते, आणि ती अंडी काढून खाणं, विकणं हे किनाऱ्यावर सगळीकडेच चालायचं. उरलेली अंडी कुत्री आणि कोल्हे उकरायचे. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडांची पाहणी करत इथे आली आणि त्यांना वाळूत अंड्यांची टरफलं दिसली. मग काय केलं तर गावातलीच पोरं हाताशी धरली. रात्री किनारा चालायचा, मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग ओळखायचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची. माग ओळखायची विद्या गावाकडे आधीपासून होतीच, फक्त ती कशासाठी वापरायची ते बदललं. ही पोरं म्हणजे कासवमित्र. आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे येतात, घराघरांत राहतात. पिल्लू जिवंत असण्यात गावाचा फायदा आहे हे मग कुणाला भाषणातून पटवावं लागलं नाही. आज वन विभाग आणि गावकरी मिळून हे बघतात.

तरी एक गोष्ट समजून घे. घरट्याला धोका नसेल तर ते आहे तिथेच ठेवणं केव्हाही उत्तम, कारण वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. जास्त ऊब म्हणजे जास्त माद्या. जागा हलवणं हा नाइलाज आहे, तमाशा नव्हे. हे आमच्या त्या फोनवाल्या मुलीनं गाडीतच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि हेही, की अंडी उबायला साधारण पन्नास दिवस लागतात, पण पिल्लं कधी बाहेर पडतील हे पिल्लंच ठरवतात.

पहिल्या संध्याकाळी सगळे सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर गेलो. दोरी बांधलेली, दोरीमागे माणसं. कासवमित्रानं घरट्यावरची टोपली उचलून बघितली. काही नाही. काकांनी घड्याळ बघितलं. “आता?” कासवमित्र शांतपणे म्हणाला, “आता चहा.” मागून कुणीतरी पुटपुटलं की एवढे पैसे भरून आलोय, एखादं पिल्लू राखून ठेवायला काय हरकत होती? माझ्या अंगावर काटा आला. वाळूतून बाहेर पडलेल्या पिल्लाकडे शक्ती मोजकी असते. ती पाहुण्यांची वाट बघण्यात खर्च करायची का? बाकीच्यांनी त्या गृहस्थाकडे नुसतं बघितलं, तेवढं पुरलं. त्या मुलीचा तो फोन इथे कामाला आला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र निघाली. अगं, काय सांगू तुला! तळहाताएवढीसुद्धा नाहीत, काळी-राखाडी, धडपडत, एकमेकांवर चढत, लाट आली की उलटी मागे फेकली जात आणि पुन्हा चालायला लागत. एक भलतीकडेच निघालं होतं. दोरीमागच्या सगळ्या बायका एका सुरात “अरे इकडे, इकडे!” असं ओरडायला लागल्या, जणू त्याला मराठी कळतं. आणि काका? काका गुडघ्यावर बसले होते, डोळे पुसत होते आणि मला म्हणाले, “चष्म्यात वाळू गेली.” बरं, मी म्हटलं.

हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. पण जे होतं ते कुठवर जातं, बघ. 2021 साली ओडिशात ज्या मादीच्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावला होता, ती 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! मी ही बातमी वाचून आधी तुझ्याबद्दल विचार केला. तिनं अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घातला आणि तुला भारतात आल्यावरही दर वेळी पुण्याहून ठाण्याला माझ्याकडे यायला जमत नाही.

वेळासमध्ये सगळं छानच आहे असंही नाही गं. काही घरांनी पाहुण्यांसाठी मागे स्लॅबच्या खोल्या काढल्यात, एसीसकट. त्यांना बोलणारी मी कोण? मलाही उकडतंच होतं. पण किनाऱ्याजवळ दिवे वाढले तर पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्राची वाट चुकतात. आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माड-पोफळी आडव्या झाल्या, आणि त्याच वर्षी कोरोनामुळे पाहुणेही बंद. वहिनी म्हणाल्या, “वाडीही गेली आणि तुम्हीही नाही आलात.” म्हणून जी कंपनी गावाला ‘शेती-वाडी सोडा, फक्त आमची माणसं सांभाळा’ असं सांगते तिच्यापासून दूर राहावं असं माझं स्पष्ट मत झालंय. पाहुणा हा वरकमाईचाच असावा.

याच्या उलट काय होतं तेही ऐक. भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाआधी काजवे चमकतात, ते बघायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. काजव्याचं चमकणं म्हणजे नरानं मादीला घातलेली साद. त्यावर हेडलाइट मारले, मोबाइलचे फ्लॅश मारले, स्पीकर लावले, तर साद ऐकणार कोण? किती बस नेल्या याचा हिशेब कंपन्यांकडे असतो, किती न्याव्यात हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. कासच्या पठारावर हे विचारलं गेलं. 2012 मध्ये तिथे जागतिक वारशाचा शिक्का बसला, गर्दी उसळली, आणि मग आसपासच्या गावांच्या समितीनं शुल्क लावलं, आगाऊ नोंदणी आणि रोजची मर्यादा घातली. शुल्क कशाला म्हणून लोक अजून कुरकुरतात. पार्किंगला मुकाट्यानं पैसे देतील, पण फुलांना नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कंपनीचं नाव मी तुला फोनवर सांगीन. पण आणखी दोघाचौघांना विचारणार असशीलच (तुझा स्वभाव मला माहीत आहे, साडी घेताना चार दुकानं हिंडतेस), तर माहितीपत्रकावरचं हिरवं पान बघून भुलू नकोस. ‘इको’ हा शब्द छापायला फुकट असतो. मुक्काम कुणाच्या घरी आणि त्या घराला किती मिळतात ते विचार. अडखळले तर समज. एका वेळी किती माणसं नेता आणि तो आकडा ठरवला कुणी, तुम्ही की गावानं, हेही विचार. आणि कधी कुणाला ‘नाही, येऊ नका’ म्हटलंय का? माझ्या मते यातच सगळं आलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकणारी कंपनी मिळाली की तिचे दोन पैसे जास्त असले तरी घासाघीस करू नकोस, तुझ्या नवऱ्याला तर तिच्याशी बोलूच देऊ नकोस.

तारखा लवकर कळव. मार्चअखेर जमवा, पण पिल्लं दिसतीलच असं मुलांना आत्तापासून सांगून ठेवू नका. तुम्ही सगळे एका घरात मावणार नाही, चार-पाच घरांत विभागले जाल, तेव्हा घोरणाऱ्यांची सोय तुमची तुम्ही आधी ठरवा. बॅगा लहान आणा. आणि तुझ्या धाकट्याचे ते चालताना लाल-निळे दिवे लागणारे बूट तिकडेच ठेवून ये. नाहीतर वेळासची सगळी पिल्लं समुद्र सोडून त्याच्या मागे लागायची!

तुझीच,
मी