पद्मिनी, चोक आणि ओले फडके

मुलुंडला आमच्या इमारतीखाली रोज सकाळी पहिला आवाज होई तो बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचा. आधी चोक ओढायचा, मग स्टार्टर. इंजिन तापले की चोक हळूहळू आत.

ही गाडी आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून येथे फियाट ११०० डी बनवली. सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सीसीचे. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने पेट्रोल येई. त्याचे प्रमाण जेट आणि स्क्रू ठरवत. म्हणूनच स्क्रूड्रायव्हर आणि तयार कान यांवर बरेच भागे. एकदा मे महिन्यात घाटकोपरला गाडी थांबली. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला होता. बाबांनी पंपावर ओले फडके ठेवले. थोड्या वेळाने गाडी सुरू!

पुतण्याच्या गाडीत हे प्रमाण संगणक ठरवतो. बिघाड झाला की तो स्कॅनर लावून कोड वाचतो. नवे इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होते, धूरही कमी सोडते, हे बाबा मान्य करतात. मात्र त्याचे बॉनेट उघडून ते नुसतेच उभे राहतात.

ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ती बातमी वाचून पुतण्याने विचारले, “आजोबा, फडके नेमके कुठे ठेवायचे?” बाबांनी कागदावर इंजिन काढून दाखवले.

आमची पद्मिनी भंगारात देताना मी त्यांना काहीच विचारले नव्हते. मित्रहो, तुम्ही वेळेत विचारा.