सरासरीत न दिसणारी धूळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात मी मेन्टेनन्सला होतो. आमच्या किल्नवर, म्हणजे भट्टीवर, जुना ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) होता, विजेच्या भारानं गॅसमधली धूळ पकडणारा. त्यात तारांना हजारो व्होल्टचा दाब देतात, धूळ भारित होऊन पत्र्यांना चिकटते, हातोड्यांनी पत्रे हादरले की ती हॉपरमध्ये पडते. सुरळीत चालला तर ईएसपी उत्तम काम करतो. पण कोळसा अर्धवट जळला की गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि आतल्या ठिणग्यांनी स्फोट होऊ शकतो. म्हणून अशा वेळी ईएसपी आपोआप ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. तो पुन्हा चार्ज होईपर्यंत किल्नची धूळ थेट चिमणीतून बाहेर पडते.

शेजारच्या शेतकरीकाकांनी एकदा कपाशीचं पान बोटांनी पुसून माझ्यासमोर धरलं. बोटं राखाडी झाली होती. ‘‘साहेब, रातच्याला मशीन बंद ठेवता न जी?’’ मुद्दाम कोणी बंद ठेवत नव्हतं. पण ट्रिपची कारणं सांगून त्यांचा कापूस थोडाच स्वच्छ होणार होता! आमच्या अहवालातली धुळीची सरासरी मर्यादेत होती. त्यांच्या शेतावर मात्र नेमकी ट्रिपच्या मिनिटांतली धूळ पडत होती.

2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत आलं. 2014च्या अधिसूचनेनं सिमेंट किल्नसाठी घनमीटरमागे 30 मिलिग्रॅम धुळीची कडक मर्यादा आणली. मग आमच्याकडेही निर्णय झाला: ईएसपीचं बाहेरचं कवच ठेवायचं, आतलं सगळं काढून बॅगांतून धूळ गाळणारं बॅगहाऊस करायचं.

शटडाऊनमध्ये तारा, पत्रे, हातोडे कापून काढले. वर ट्यूबशीट, म्हणजे बॅगा टांगायचा भोकांचा पत्रा, वेल्ड केली आणि तिच्या भोकांतून काचतंतूच्या लांब बॅगा खाली सोडल्या. या बॅगा साधारण 260 अंशांपर्यंत टिकतात, पण घडी पडली की तंतू तुटतात. मुकादम प्रत्येक बॅगेमागे ओरडायचे, ‘‘मोडू नको रे, सरळ सोड!’’ बॅगांमुळे गॅसला अडथळा वाढतो, म्हणून गॅस ओढणारा आयडी फॅनही मोठा बसवावा लागला. विजेचा खर्च वाढणार, यावर मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी झाली. मला तो खर्च रास्त वाटत होता, कारण आजवर तो न केल्याची किंमत शेजारचं गाव मोजत होतं.

किल्न सुरू करण्याआधी गळती तपासली. फॅन चालवून चमकणारी पूड डक्टमध्ये सोडली आणि नंतर ट्यूबशीटवर अतिनील दिवा फिरवला. एका बॅगेच्या गळ्याभोवती हिरवट कडं उजळलं. तिची कडी नीट बसली नव्हती. फिटरनं ती काढून पुन्हा दाबून बसवली. एवढ्याशा फटीतूनही बारीक धूळ अखंड निघत राहिली असती.

आता कार्बन मोनॉक्साइड वाढला तरी बॅगा धूळ अडवतच राहतात. पण यंत्र बदललं की काम संपत नाही. गॅस थंड करणारा पाण्याचा फवारा बिघडला तर बॅगा जळतात, गॅस फार थंड झाला तर ओल धरून बुजतात. रोज बॅगांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाहायला हवा, फाटलेली बॅग त्याच दिवशी बदलायला हवी.

जिथे अजून जुने ईएसपी आहेत, तिथे गेटवरच्या फलकावर धुळीच्या सरासरीच्या शेजारी ट्रिप किती झाल्या आणि किती मिनिटं टिकल्या, हेही लिहिलं पाहिजे. शेजारच्या गावाचा तो हक्क आहे. आणि हे आकडे रोज डोळ्यांसमोर राहिले, तर बदलाचा निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलणं कोणालाही जड जाईल.