साथीची बिदागी

अमेरिकेतील चित्रपटसमीक्षक उत्कृष्ट पार्श्वसंगीतास निराळे पारितोषिक देतात. हे वाचून आम्हां कोल्हापूरकरांस गोविंदराव टेंबे आठवले. येथील प्रभात कंपनीच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीत त्यांचे, आणि हरिश्चंद्रही तेच! भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ त्यांनी केलेली. गाणाऱ्याच्या मागे राहून गाणे कसे उभे करावे, हे त्यांस पक्के ठाऊक. आमचे रसिक मात्र पदे तेवढी मोजतात. तान संपली की पानाचा डबा उघडतात. राष्ट्रीय पारितोषिकांतही पार्श्वसंगीतास नियमाने वेगळे पान मांडले गेले ते २००९ सालच्या चित्रपटांपासून. तोवर साथीची बिदागी बहुधा गाण्याच्याच खाती जमा! आम्ही हल्ली संवाद थांबला की डोळे मिटून ऐकतो. शेजारच्यांस वाटते, झोप लागली.