उरुळीचे सात दिवस

पोट बिघडले की कोणी देवाला नवस बोलतो, कोणी वैद्य बदलतो. मी दोन्ही करून थकलो आणि मग उरुळीकांचनला गेलो.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी छातीत कफ साठला आणि त्यापायी लागोपाठ तीनदा प्रतिजैविके घ्यावी लागली. कफ गेला, पण जाताना पोटाची घडी विस्कटून गेला. कधी तीन-तीन दिवस शांतता, तर कधी दिवसातून पाच खेपा! दुर्बिणीने आतडे तपासून झाले. अहवाल निर्मळ आला. पोट मात्र होते तसेच. तेव्हा मी सारा दोष स्वयंपाकघरावर ढकलला. आमटी तिखट, भाजीला तेल फार, आणि दही तर विषच! "ते जुनं विरजण आधी बंद कर," असे मी एके रात्री सौभाग्यवतींना फर्मावले.

ते विरजण माझ्या आईने वाईहून दादरला आणलेले. ती गेल्यावरही रोज रात्री लागत आलेले. सौ. काही बोलली नाही. वाटी घासून तिने फडताळात पालथी घातली. दुसऱ्या दिवसापासून घरात दुकानातले दही येऊ लागले.

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले, की हडपसर, लोणी काळभोर असे करीत तीसेक किलोमीटरांवर उरुळीकांचन येते. रस्त्यावर ट्रकांची वर्दळ आणि दुतर्फा दुकाने पाहून मी मनात म्हटले, येथे कसला निसर्ग आणि कसला उपचार! पण आश्रमाच्या फाटकातून आत गेलो आणि झाडांच्या सावलीत जिवाला जरा बरे वाटले.

या आश्रमाची कथा मोठी आहे. गरिबांसाठी निसर्गोपचार केंद्र पुण्यासारख्या शहरात चालवणे ही आपली चूक, असे गांधीजींनीच कबूल केले आणि १९४६ च्या मार्चमध्ये ते या खेड्यात आले. स्वतः थोडेच दिवस राहिले. पण मागे मणिभाई देसाई नावाचा गुजराती तरुण ठेवून गेले. मणिभाईंनी गांधीजींना दिलेला शब्द पाळून सारे आयुष्य येथेच वेचले. गाई सांभाळता सांभाळता १९६७ साली त्यांनी 'बाएफ' ही संस्था उभी केली. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आले होते पोटे सुधारायला. त्यांनी शेतकऱ्याचा गोठाही सुधारला!

माझा दिनक्रम साधा होता. पहाटे फिरणे, पोटावर ओल्या मातीची पट्टी, कटिस्नान, आसने, आणि ताटात भाकरी, उकडलेली भाजी, ताक. पहिल्या दिवशी ते ताट पाहून मला घरची आमटी आठवली आणि डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाचे नव्हते.

पंगतीत शेजारी सांगलीकडचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक बसत. एकदा मी घाईघाईने जेवताना पाहून ते म्हणाले, "साहेब, सावकाश. तुमच्याबरोबर पुष्कळ मंडळी जेवायला बसलीत."

"कोण मंडळी?"

"पोटातली! माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा कोंडा, साल, डाळीचा तंतू यांवर ते जगतात, आणि त्यातून जी आम्लं करतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. प्रतिजैविकं शत्रूबरोबर या घरच्या माणसांनाही मारतात."

मी विचारले, "मग दही-ताकाने ही मंडळी परत येतात?"

गुरुजी हसले. "दह्यातले जिवाणू बहुधा पाहुणे, येतात नि जातात. पण पाहुण्यांचाही उपयोग असतो. २०२१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी माणसांवर प्रयोग झाला. ज्यांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या पोटातल्या जिवाणूंच्या जाती वाढल्या. आपली आंबील, इडली, ताक याच जातकुळीतली. इडली शिजताना जिवाणू मरतात म्हणा. ताकात मात्र जिवंत राहतात."

मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "पण एक सांगा, घरी जेवताना हातात काय असतं?"

मी वरमलो. माझ्या हातात मोबाइल असे. सौ. समोर बसून वाढी, आणि मी तिच्याकडे न पाहता गिळत असे. गिळून झाले की तिच्या हाताला नावे ठेवीत असे.

सात दिवसांत पोट पुष्कळ शांत झाले. मातीने, चालण्याने, वेळेवर जेवल्याने की नुसत्या निवांतपणाने, हे मला सांगता येणार नाही. आजार सगळे येथेच बरे होतात, असाही माझा दावा नाही. शौचावाटे रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर वाचकहो, आधी डॉक्टर गाठा. माती कुठे पळून जात नाही.

घरी परतलो त्या रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाटावर बसलो. चार घास सावकाश चावल्यावर म्हटले, "अगं, आमटी छान झालीय. माझंच चुकलं. आईचं विरजण मी उगाच बंद करायला लावलं. आता ते कुठून यायचं?"

सौ. वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अहो, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे की. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनीच त्यांना दिलं होतं. मी विचारूनही ठेवलंय."

"मग आणलं का नाहीस?"

"बंद तुम्ही केलंत. आणायलाही तुम्हीच जायला हवं होतं."

मी जेवण आटोपून उठलो, फडताळातली पालथी वाटी उचलली आणि जिना चढू लागलो.

यंदा फराळाच्या ताटाशेजारी आमच्याकडे ताकाचा पेला असेल. चकली मीही खाणार आहे. पण एकेक, चावून, आणि करणारणीकडे पाहून.