नोंद आणि समज

जुन्या माणसांच्या बोलण्यांत सनाचा आकडा क्वचितच येत असे. आमच्या आजीच्या तोंडीं कोणाचा जन्म "प्लेगच्या सालीं" झालेला असे, तर कोणाची मुंज "पानशेत फुटलें त्याच्या आदल्या वर्षीं." ऐकणारास तेवढें पुरे होई. तें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, हें पुण्याच्या माणसास निराळें सांगावें लागत नसे. आपल्या व्यवहारांतील तारीख ही बहुधा अशी अर्धीच लिहिलेली असते. उरलेली अर्धी ऐकणाराच्या मनांत असते.

संगणकास मात्र मन नाहीं. १९६० च्या सुमारास परदेशांत बँकांचे व विमासंस्थांचे हिशेब संगणकावर जाऊं लागले, तेव्हां माहिती छिद्रें पाडलेल्या कार्डांवर भरीत, आणि एका कार्डावर अवघ्या ८० अक्षरांची जागा असे. अशा वेळीं १९६५ न लिहितां नुसतें ६५ लिहावें, हा काटकसरीचाच व्यवहार होता. आधींचे "१९" सर्वांस ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त यंत्रास. शिवाय, आपला प्रोग्राम दहापांच वर्षांत मोडींत निघेल, अशीच लिहिणाराची समजूत. परंतु हिशेबाच्या प्रोग्रामाचें जुन्या वाड्यासारखें असतें. बिऱ्हाडें बदलतात, नवे पोटमाळे चढतात, पण पाया कोणी उकरीत नाहीं.

१९९२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना बालवर्गांत दाखल होण्याचें निमंत्रण गेलें! जन्मसाल ८८ एवढेंच नोंदलेलें. १८८८ कीं १९८८, हें यंत्रानें कसें ओळखावें? हें वाचून हंसूं येतें. पण विम्याच्या रकमेंत हाच घोटाळा झाला, तर तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं.

१९९८ आणि १९९९ हीं दोन वर्षें मीं मुंबईंत बसून परदेशांतील एका विमासंस्थेचे कोबोल भाषेंतील जुने प्रोग्राम वाचण्यांत घालविलीं. लिहिणारे कोण होते, हयात तरी होते कीं नाहीं, कोणास सांगतां येईना. एके ठिकाणीं पॉलिसी किती वर्षें चालली हें काढण्यासाठीं शेवटच्या सालांतून पहिलें साल वजा केलेलें होतें. ९९ मधून ७५ गेले, बाकी २४, येथवर ठीक. पुढल्या वर्षीं मात्र ०० मधून ७५ जाणार, म्हणजे उणें ७५! त्यांतून त्या जागीं उणें चिन्हास घरच ठेवलेलें नव्हतें. तेव्हां उत्तर नुसतें ७५ होऊन बसणार, आणि २५ वर्षें चाललेली पॉलिसी ७५ वर्षांची ठरणार. यंत्र बंद पडलें तर निदान कोणी धांवून येतो. येथें तें बिनबोभाट चुकीचा हिशेब करीत राहिलें असतें. त्या आकड्याच्या पलीकडे कोणी विधवा आपल्या हक्काच्या रकमेची वाट पाहत असेल, हा विचार मनांतून जात नसे.

१ जानेवारी २००० चा दिवस उजाडला. जगाचे व्यवहार बहुतेक सुरळीत चालले, आणि लोक म्हणाले, उगीच बाऊ केला होता! मृगापूर्वीं कौलें चाळणाराची हीच गत होते. घर गळलें नाहीं, म्हणून त्याची आठवण कोणी काढीत नाहीं.

अर्थात् सर्वच काम पक्कें झालें नव्हतें. चार आकडी साल करण्यास वेळ पुरेना, म्हणून पुष्कळ ठिकाणीं एक तोड निघाली: ०० ते १९ आलें तर तें २००० नंतरचें समजावें, २० ते ९९ आलें तर १९०० नंतरचें. पुन्हां नोंद अर्धीच राहिली. २०२० साल उजाडतांच अशा कांहीं प्रोग्रामांना तें १९२० वाटलें. यूनिक्स धर्तीच्या यंत्रांत काळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांनीं मोजतात. नव्या यंत्रांत ही मोजणी ६४ बिटांची असते. जेथें ती ३२ बिटांचीच राहिली असेल, तेथें १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्याकडे सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद होतांच तें माप भरेल, आणि पुढल्या सेकंदास यंत्र डिसेंबर १९०१ मध्यें जाऊन पडेल.

सगळा दोष यंत्राच्या माथीं मारून मात्र चालणार नाहीं. महाराष्ट्रांत जुन्या पिढींतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेंत नांव घालतांना खरी तारीख आईबापांस ठाऊक नसे. मग मास्तर १ जून लिहून मोकळे होत. ती अंदाजी आहे, हें मास्तरांस, बापास, साऱ्या गांवास माहीत असे. पुढें मास्तर गेले, बापही गेला. नोंद तेवढी राहिली, आणि नोकरींतून निवृत्त होण्याचा दिवस तिच्यावरूनच ठरला.

लिहिलेलें मागें उरतें. त्यामागचा समज माणसाबरोबर जातो. म्हणून सालाचे चारही आकडे लिहावे, तारीख अंदाजी असल्यास तसें शेजारीं नमूद करावें, आणि ठाऊकच नसेल तर जागा रिकामी सोडावी. खोटी तारीख भरूं नये. प्रोग्राम लिहिणारास हा नियम जितका लागू, तितकाच तो आपल्या घरांतही लागू आहे. ट्रंकेंतील एखाद्या छायाचित्रामागें "मे ७२, महाबळेश्वर" असें कोणी लिहिलें असेल. नातवंडांसाठीं त्यांत आणखी दोन आकडे घालावे, आणि चित्रांतील माणसें कोण, तेंही लिहून ठेवावें. आज तें सांगणारें कोणीतरी घरांत आहे.